न परतण्याची बोली

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेसाठी विषय निवडण्याची मोकळीक कार्यवाहांनी मला दिली आणि मी विषय कळविला तेव्हा त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. त्यांचे आश्चर्य मी समजू शकतो. मराठी वाचनालयाच्या उत्सवात ज्ञानेश्वर-तुकाराम यावेत, फार तर केशवसुत-मर्ढेकर यावेत. परदेशात जन्म काढण्याचा निश्चय करून घर सोडलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांचे येथे काय काम? काम आहे. ग्रंथालयाच्या कपाटातील मराठी मुद्रणाच्या आरंभकाळाचा खण उघडला की काव्य, व्याकरण, कोश, बालबोध अक्षरांची छपाई अशा प्रत्येक वाटेवर एखादे परके नाव भेटतेच. ही नावे आपण पाठ केलेली असतात. 'मिशनऱ्यांची मराठीची सेवा' या मथळ्याखाली परीक्षेत प्रश्न येतो आणि विद्यार्थी सनावळ्या लिहून मोकळे होतात. मीही तीस वर्षे अशा उत्तरपत्रिका तपासत आलो आहे.

आज मला सेवेची यादी वाचायची नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ऐन तिशीतला एक माणूस ठरवितो की आता जायचे ते परत येण्यासाठी नाही. जेथे चाललो तेथेच मरायचे. हा निश्चय त्या माणसाचे काय करतो? ज्या भाषेत तो शिरतो त्या भाषेचे काय करतो? आणि ज्यांनी असा निश्चय केलेला नसतो, पण ज्यांचे आयुष्य त्यात ओढले जाते, त्यांचे काय होते? या तिसऱ्या प्रश्नाकडे आपण फारसे पाहत नाही, म्हणून मी त्याच्याकडे शेवटी सावकाश येईन.

आरंभ आपल्या गोमंतकापासून करू. मडगावाहून राय ओलांडले की रायतूर लागते. झुआरीच्या काठावरचे ते जुने सेमिनार आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. तेथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' छापून झाले. स्टीफन्स इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातले. जन्म १५४९च्या सुमाराचा. १५७५ साली रोममध्ये ते येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा ताफा निघाला त्यात ते होते, आणि २४ ऑक्टोबरला गोव्याच्या बंदरात उतरले. त्यानंतर चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, ते येथेच राहिले. त्यातला बहुतेक काळ साष्टीत गेला.

उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले, म्हणून ते आपल्याला वाचावयास मिळते. ताफा निघतानाची तुताऱ्या-तोफांची गर्जना, आफ्रिकेचे टोक ओलांडतानाची वादळे, वाऱ्याची आणि सागरप्रवाहांची वर्णने, माशांचे आणि पक्ष्यांचे थवे, सगळे त्यात आहे. हिरड्या सुजून कापाव्या लागतात, पाय सुजतात, अंग दुखू लागते, या रोगाचे वर्णनही आहे. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. हे प्रमाण इतर वेळच्या मानाने कमीच, असे ते अगदी शांतपणे नोंदवितात. ज्याला परत जायचे असते तो प्रवासाचे वर्णन असे लिहीत नाही, असे मला ते पत्र वाचताना वाटत आले आहे. त्यात तक्रार नाही.

त्या काळच्या अंतराचा हिशेब एकदा मांडून पाहावा. लिस्बनचा ताफा वर्षातून एकदाच, मार्च-एप्रिलमध्ये निघे आणि पावसाळा सरल्यावर येथे पोहोचे. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत माल भरून निघत आणि उन्हाळ्यात पोर्तुगालला लागत. म्हणजे नोव्हेंबरात येथे लिहिलेले पत्र पुढच्या जुलै-ऑगस्टपर्यंत लिस्बनला जाणार, आणि त्याचे उत्तर त्याच्या पुढच्या वसंतात निघून ऑक्टोबरात येथे येणार. एका प्रश्नाला उत्तर मिळायला दोन वर्षे. आई आजारी आहे असे कळेपर्यंत ती बरी तरी झालेली असे किंवा गेलेली तरी. अशा अंतरावर राहणाऱ्या माणसाला मनाने दोन ठिकाणी राहणे परवडत नाही. त्याला एक घर सोडावेच लागते.

पण येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर आपण भाबड्या चरित्रकारांच्या मार्गाने जाऊ. स्टीफन्स यांनी मागे ठेवलेला इंग्लंड हा त्यांच्यासाठी उघड्या दाराचा देश नव्हता. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक असणे हे संकट होते आणि येशूसंघाचा पाद्री असणे हे पुढे, १५८५च्या कायद्याने, राजद्रोहच ठरले. एडमंड कॅम्पियन यांना १५८१ साली लंडनमध्ये फासावर चढविण्यात आले. स्टीफन्स यांचे स्नेही थॉमस पाउंड त्यांच्याबरोबर रोमला जाणार होते. ते पकडले गेले आणि त्यांची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगांत गेली. म्हणजे दोन मित्रांपैकी एक मायदेशात कोठडीत राहिला आणि दुसरा सहा महिन्यांच्या समुद्रापलीकडे साष्टीत मोकळा फिरला. यांतल्या कोणी अधिक त्याग केला, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. न परतण्याच्या निश्चयात वैराग्याइतकाच परिस्थितीचा रेटाही असतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

आता भाषेकडे वळू. स्टीफन्स गोव्यात आले त्याच्या सहाच वर्षे आधी, १५७३ साली, एकनाथांनी काशीत आपले भागवत पूर्ण केले होते. ओवी त्या वेळी ताजी होती, चालती होती. कीर्तनात, देवळात, घरातल्या पोथीत ती लोकांच्या कानावर होती. चार वर्षांच्या वास्तव्यानंतर, १५८३ साली, स्टीफन्स यांनी आपल्या भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले आणि त्यात येथील भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध भाषण १७८६चे; त्याच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण आहे. भाषाशास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद आदराने होते. मला मात्र त्याहून मोठी गोष्ट वाटते ती पुढची. हे निरीक्षण करणाऱ्याने लगेच ग्रंथ लिहावयास घेतला नाही. 'क्रिस्तपुराण' पूर्ण झाले ते १६१४ साली. म्हणजे येथे पाऊल ठेवल्यानंतर पस्तीस वर्षांनी.

पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वर आणि दुसऱ्याचे एकोणसाठ, मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. आरंभी मराठी भाषेची जी स्तुती आहे ती आपल्याकडे इतक्या वेळा उद्धृत झाली आहे की पुष्कळांना ग्रंथातले तेवढेच माहीत असते. फुले, सुगंध, रत्ने, पक्षी यांच्या उपमा देऊन केलेली ती स्तुती सुंदर आहे, यात शंका नाही. पण परक्याने आपल्या भाषेचे कौतुक केले म्हणून आपण हुरळून जातो, आणि खरी किमया पाहायची राहते. ती किमया ओवीच्या चालीत आहे. स्वर्गाला वैकुंठ म्हणण्यात आहे. हा शब्द नवशिक्या धर्मोपदेशकाने एक तर भीतीने टाळला असता, किंवा अर्थ न कळता वापरला असता. स्टीफन्स यांनी तो जाणून वापरला. ऐकणाऱ्याच्या मनात या शब्दाबरोबर काय काय जागे होते, हे त्यांना ठाऊक होते. हे ठाऊक होणे शब्दकोशातून होत नाही. त्यासाठी लग्नाच्या मांडवाबाहेर, शेताच्या बांधावर, मयताच्या घरी वर्षानुवर्षे उभे राहावे लागते.

अशा दीर्घ वास्तव्याचे आपल्या आठवणीतले उदाहरण द्यायचे तर फादर कामिल बुल्के यांचे देता येईल. बेल्जियमहून १९३५ साली आले, १९५१ साली भारताचे नागरिक झाले, १९८२ साली येथेच वारले. आणि रामकथेच्या उत्पत्ती-विकासावरचा हिंदीतला प्रमाणग्रंथ त्यांच्या नावावर आहे. रांचीच्या परिसरात त्यांची ओळख तुलसीदासांचे भक्त अशीच होती.

पुन्हा साष्टीकडे येऊ, कारण तेथे एक अवघड जागा आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीच ग्रंथ कसा जन्मला याचा प्रसंग आला आहे. रविवारी मुले धर्मशिक्षण घेत असताना एक ब्राह्मण ख्रिस्ती गुरूला विचारतो: आमच्या पूर्वीच्या पुराणांना तुम्ही बंदी केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरी का देत नाही? म्हणजे मागणी वाचकाची होती. तीही अशा वाचकाची, ज्याच्या हातातून पोथी काढून घेतली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० सालापासून होते. साष्टीतील देवळे १५६६-६७च्या सुमारास पाडली गेली. १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना आणि त्यांच्या बरोबरच्या काही जणांना ठार मारले, आणि त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या केली. स्टीफन्स त्या वेळी गोव्यात येऊन चार वर्षे झाली होती. कुंकळ्ळीत मेलेले त्यांच्याच संघातले होते, आणि असोळण्यात मेलेले ज्या मुलखाची भाषा ते शिकत होते त्या मुलखातले.

या सत्तेच्या सावलीत तो ग्रंथ लिहिला गेला. स्टीफन्स यांनी त्या सत्तेविरुद्ध लेखणी उचलल्याचे दिसत नाही; त्यांना तिचे कार्य धर्मकार्यच वाटत असले पाहिजे. म्हणून काही लोक तो ग्रंथ हातात घेत नाहीत, आणि काही लोक ग्रंथाच्या प्रेमात पडून त्या बंदीचा उल्लेखही करीत नाहीत. मला दोन्ही पसंत नाही. पोथीसाठी आसुसलेला तो प्रश्नकर्ता आणि पस्तीस वर्षे भाषा कमावून त्याला उत्तर देणारा तो परका, दोघेही आपल्याच वाङ्मयेतिहासातले आहेत. वाचनालयात बसणाऱ्याला त्या प्रश्नकर्त्याची तहान तरी परकी वाटू नये.

आणखी एक गोष्ट. १६०८ साली स्टीफन्स यांनी संघाचे रोममधील प्रमुख क्लाउदिओ आक्वाव्हिवा यांना पत्र लिहिले. कुंकळ्ळीत मारले गेलेले रुदोल्फ आक्वाव्हिवा हे या प्रमुखांचे पुतणे, हे जाता जाता सांगतो. या पत्रात स्टीफन्स यांनी येथील लिपीत येथील भाषेची पुस्तके छापली जावीत अशी इच्छा व्यक्त केली आहे. ती पुरी झाली नाही. 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले, आणि त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांच्या आधारे मंगळूरला १९०७ साली रोमन लिपीतच आवृत्ती निघाली. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली सिद्ध केली. लेखकाने मागितलेली लिपी त्याच्या ग्रंथाला छापील रूपात मिळण्यास साडेतीनशे वर्षे लागली. मधल्या काळात, १६८४ साली, पोर्तुगीज सरकारने येथील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला होता. म्हणजे ज्या राज्याचा धर्म सांगण्यासाठी स्टीफन्स यांनी चाळीस वर्षे ही भाषा कमावली, त्याच राज्याने ती पुसण्याची आज्ञा दिली.

मराठी-कोकणीचा वाद येथे काढण्याचा माझा मानस नाही. 'क्रिस्तपुराण' मराठीचे आणि मृत्यूनंतर १६४० साली रायतूरलाच छापलेले व्याकरण कोकणीचे; फादरांनी दोघींचेही ऋण फेडले आहे. आपण भांडतो ते आपण.

स्टीफन्स ब्रह्मचारी होते. त्यांच्या निश्चयात दुसऱ्या कोणाचे आयुष्य गुंतलेले नव्हते. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची गोष्ट निराळी, आणि म्हणून मी आता दोनशे वर्षे पुढे आणि गोव्यापासून दूर, बंगालकडे तुम्हांला नेतो.

विल्यम कॅरी यांचे नाव मराठी व्याकरण आणि कोश यांमुळे आपल्या परिचयाचे आहे. जन्म १७६१, धंद्याने जोडे शिवणारे. कॅप्टन कुक यांच्या सफरींची पुस्तके वाचून त्यांना दूरच्या देशांचा ध्यास लागला. कामाच्या खोलीत भिंतीवर हाताने केलेला जगाचा नकाशा टांगून त्यावर देशोदेशींची लोकसंख्या आणि धर्म लिहीत ते जोडे शिवीत. १७९२ साली त्यांनी एक पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केटरिंग गावी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. आधी ताहितीचा विचार होता. मग बंगाल ठरले.

पत्नी डॉरोथी हिने जायला नकार दिला. ती आपल्या गावापासून फार दूर कधी गेलेली नव्हती. लग्नाच्या नोंदवहीत सही करण्याइतकेही अक्षर तिला येत नव्हते. पदरात लहान मुले होती आणि आणखी एक व्हायचे होते. कॅरी थोरल्या मुलाला, फेलिक्सला, घेऊन एकटेच निघाले. हे वाक्य चरित्रांमध्ये बहुधा 'पत्नीच्या दुर्बलतेवर मात करून' अशा सुरात येते. मला तो नकार अत्यंत शहाणपणाचा वाटतो. तिने कोणतीही बोली केलेली नव्हती. ज्याच्याशी लग्न लागले तो मनुष्य खेड्यातला जोडे शिवणारा आणि उपदेशक होता. तो आपल्याला हिंदुस्थानात नेणार हे तिला कोणी सांगितले नव्हते.

परवान्याच्या अडचणीमुळे कॅरींना इंग्लंडच्या किनाऱ्यावरच उतरवून जहाज पुढे गेले. त्या खोळंब्यात डॉरोथी बाळंत झाली. कॅरी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर थॉमस पुन्हा घरी गेले आणि त्यांनी तिच्यापाशी पुन्हा पुन्हा गळ घातली. अखेर, बहीण किटी बरोबर येणार असेल तर मी येते, असे तिने कबूल केले. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजातून ते सारे निघाले आणि नोव्हेंबरात कलकत्त्याला पोहोचले. पहिले महिने हलाखीचे, नंतर सुंदरबनच्या कडेची झोपडी, मग मुदनाबाटी येथील निळीच्या कारखान्याची नोकरी. तेथे १७९४ साली पाच वर्षांचा पीटर आमांशाने गेला. बहीण किटी लग्न करून दूर झाली. त्यानंतर डॉरोथीचे मन सुटले. नवऱ्याविषयी तिला भलतेसलते भ्रम होऊ लागले, रस्त्यात ती त्यांच्यावर ओरडत सुटे, आणि शेवटची अनेक वर्षे तिला कोंडून ठेवावे लागले. १८०७च्या डिसेंबरात ती वारली. तोपर्यंत कॅरी श्रीरामपूरला आले होते. (आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, हुगळीच्या काठचे, त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेले.) शेजारच्या खोलीतून पत्नीचा आक्रोश ऐकू येत असताना कॅरी टेबलाशी बसून भाषांतरे करीत असत, असे त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

१८०५ साली कॅरींचे मराठी व्याकरण निघाले. मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतरही त्याच वर्षाचे. १८१० साली मोडी अक्षरांत मराठी-इंग्रजी कोश निघाला. या सनावळ्या आपण परीक्षेत लिहितो. मी वर्गात त्या सांगताना अलीकडे डॉरोथीचे सालही सांगतो. १८०५ या वर्षी ती जिवंत होती आणि त्याच घरात होती.

यावरून कॅरी निष्ठुर होते असे म्हणावे काय? ते तिला मायदेशी पाठवू शकले असते, वेड्यांच्या इस्पितळात टाकू शकले असते. त्या काळच्या इस्पितळांची अवस्था माहीत असल्याने त्यांनी तसे केले नाही आणि तिला घरीच सांभाळले. फोर्ट विल्यम महाविद्यालयात १८०१पासून मिळणाऱ्या पगाराचा बहुतेक भाग ते मिशनच्या सामायिक खर्चात घालीत. स्वतःसाठी त्यांनी काही राखले नाही. पण हीच तर अडचण आहे. जो स्वतःसाठी काहीच राखत नाही, तो आपल्या माणसांसाठीही काही राखण्याचे विसरतो, आणि त्याला त्याचा अपराध वाटत नाही, कारण त्याने स्वतःलाही सोडलेले नसते. १७९३ साली आलेले कॅरी ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूरलाच वारले. चाळीस वर्षांहून अधिक काळात एकदाही परत गेले नाहीत.

आता मराठीपुरता एक कठोर शेरा मारतो. कॅरींचे मराठी बंगालमध्ये बसून केलेले मराठी होते. महाविद्यालयातले पंडित वैजनाथ यांचे साहाय्य नसते तर व्याकरण-कोश झालेच नसते. आणि हा पंडितच कॅरींचा सारा मराठी मुलूख होता. स्टीफन्स यांना साष्टी होती, कॅरींना एक विद्वान सहकारी होता. म्हणून कॅरींचे मराठी बायबल मराठी मुलखात पोहोचले तेव्हा ते लोकांना रुचेना, आणि मुंबईतल्या मिशनऱ्यांना नवे भाषांतर करावयास बसावे लागले. नुसते जन्मभर राहून भागत नाही; ज्यांच्या भाषेत बोलायचे त्यांच्यात राहावे लागते. एका माणसाने बंगाली, संस्कृत, मराठी आणि आणखी कितीतरी भाषा एकदम अंगावर घेतल्या की असे व्हायचेच. हा उत्साह आपल्याला थक्क करतो, पण त्याचे फळ खोल मुरत नाही.

मुंबईतले हे मिशनरी अमेरिकेहून आलेले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबई बंदरात उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. त्यांना परत पाठविण्याचे हुकूम सुटले. ते निसटून कोचीनला गेले, तेथून पकडून आणले गेले. हॉल यांनी गव्हर्नरांना आर्जवाने आणि निर्भयपणे लिहिले की आम्हांला हाकलाल तर त्याचा जाब तुम्हांला वरच्या न्यायासनासमोर द्यावा लागेल. अखेर राहण्याची परवानगी मिळाली. नॉट दोन वर्षांत प्रकृतीमुळे परतले आणि मायदेशात १८६९पर्यंत जगले. तिसरे सहकारी सॅम्युएल न्यूएल यांची पत्नी हॅरिएट मुंबई पाहण्याआधीच, १८१२ साली, मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या वर्षी वारली. तिचे तान्हे मूल त्याआधीच गेले होते. न्यूएल स्वतः १८२१ साली मुंबईत पटकीने गेले.

हॉल यांनी मात्र मुंबईच्या रस्त्यांत, देवळांच्या आवारांत, बाजारांत उभे राहून मराठी कमावले. मिशनने छापखाना घातला. ह्या छापखान्याचे पुढे काय झाले ते आपल्या वाचनालयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तेथली छपाई पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. निर्णयसागरचे जावजी दादाजी लहानपणी याच मिशनच्या छापखान्यात कामाला होते. ज्या यंत्रावर शुभवर्तमान निघाले त्याच्याच शाळेतून पंचांग आणि संस्कृत ग्रंथ निघाले. हॉल यांना हे कळले असते तर आनंद झाला असता, असे मला वाटत नाही. पण जन्मभराच्या कामाचे फळ करणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे येतेच असे नाही. कपाटातल्या पुस्तकांनी मला तरी हेच दाखविले आहे.

हॉल यांनी १८१६ साली मुंबईतच मार्गारेट लुइस या इंग्रज स्त्रीशी लग्न केले. मुले होत, दगावत. उरलेल्या दोन मुलांची प्रकृती येथे टिकेना म्हणून १८२५ साली मार्गारेट त्यांना घेऊन अमेरिकेला निघाली. अमेरिका हा तिच्या नवऱ्याचा देश. नवरा बरोबर गेला नाही. काम सोडून जाणे त्याच्या निश्चयात बसत नव्हते. थोरला मुलगा वाटेत समुद्रावरच वारला.

पुढच्या वर्षी, १८२६च्या मार्चमध्ये, हॉल प्रवासाला म्हणून नाशिककडे गेले. तेथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटून टाकली आणि परतीची वाट धरली. २० मार्च रोजी दोर्ली-धापूर या गावी देवळाच्या आवारात मुक्काम असताना त्यांना पटकी झाली आणि काही तासांत सारे आटोपले. तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. बरोबर फक्त मिशनमधली दोन मुले होती. त्यांनी मिळेल ती मदत घेऊन त्यांना पुरले. अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार छापून पूर्ण झाला तो त्याच वर्षी.

ही बातमी जहाजाने मार्गारेटपर्यंत पोहोचायला कित्येक महिने गेले. तोपर्यंत ती त्यांना पत्रे लिहीतच होती असणार. तिचा दुसरा मुलगा वाचला. त्याचे नावही गॉर्डन हॉल. तो मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन गावात धर्मोपदेशक झाला, आणि त्याने आपले आयुष्य मायदेशातच काढले.